आधीची अवस्था

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून "अचानक" हा शब्द निसटला, आणि त्यापायी माझी सबंध दुपार गेली. टेबलावरचा कंट्रोलर मध्येच बंद पडला होता. मी म्हणाले, "सुभेदार, हा अचानक बंद पडला." त्यांनी हातातलं काम थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आधीची अवस्था सांग."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. बंद पडायच्या आधी काय काय चालू होतं, कुठली वायर कुठे होती, मी काय दाबलं, कुठे बसले होते, पंखा फिरत होता का, हे सगळं कागदावर लिहायचं. मी अर्धं पान लिहिलं. त्यांनी वाचून परत दिलं. दुसऱ्यांदा लिहिलं, तेही परत आलं. चौथ्यांदा लिहिताना मला आठवलं की पाण्याची बाटली उचलताना माझं कोपर एका वायरीला लागलं होतं. वायर सैल झाली होती.

"आता सांग, अचानक म्हंजे काय?"

मी वायर पुन्हा घट्ट बसवली.

"अचानक म्हंजे म्या बघितलं न्हाई. दुसरं काय न्हाई," असं म्हणून ते परत कामाला लागले.

कराडला स्टेशनच्या रस्त्यावर एका गॅरेजच्या वर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. आम्ही पंपहाऊस, दूध संकलन केंद्रं, लहान कारखाने यांची पॅनेलं बनवायचो. पॅनेलात एक छोटासा कॉम्प्युटर बसतो, त्याला आम्ही कंट्रोलर म्हणायचो. मोटर कधी चालू करायची, कधी बंद करायची, याच्या ओळी त्यात लिहून ठेवायच्या. मालक तरुण इंजिनिअर होते. मी सांगलीहून डिग्री घेऊन नुकतीच आलेली. आणि सुभेदार सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. कोरेगावजवळच्या गावात त्यांचा ऊस होता, घर होतं, बायको होती. ते मात्र आठवडाभर कराडला एका खोलीत राहायचे. प्रोग्राम लिहायला ते सैन्यात असताना स्वतःच शिकले होते, आणि आमच्या डिग्रीवाल्यांपेक्षा स्वच्छ लिहायचे.

त्यांचा एक ठाम विश्वास होता. जगात जे जे होतं ते आधीच्या गोष्टीतून होतं आणि दुसरं काही होऊच शकत नाही. कंट्रोलर एका क्षणी ज्या अवस्थेत आहे ती अवस्था आणि बाहेरून आलेला हुकूम, या दोन गोष्टी कळल्या की पुढच्या क्षणी तो काय करणार हे ठरलेलं असतं. हजार वेळा करा, हजार वेळा तेच. आणि माणूसही तसाच, असं त्यांचं म्हणणं. माणूस म्हणजे लय मोठं मशीन, त्याची आधीची अवस्था लिहून ठेवण्याएवढी वही कुणाकडे नाही, एवढाच काय तो फरक.

मालकांनी एकदा जेवताना त्यांना डिवचलं. अणूच्या आत म्हणे सगळं अनिश्चितच असतं, असं शास्त्रज्ञ सांगतात. सुभेदारांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं की अणूचं काय ते अणूला विचारा, माझ्या पॅनेलात सिग्नल आल्याबिगर मोटर फिरलेली मी आजवर बघितली नाही. मी विचारलं, सगळं ठरलेलंच असेल तर आमच्या चुकांवर तुम्ही रागावता कशाला? ते म्हणाले, "माझा रागबी ठरल्यालाच हाय की." हे बोलताना ते हसले नाहीत. गमतीने बोलत होते की खरं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही, आणि त्यामुळे त्यांच्यासमोर बसल्यावर मनावर कायम एक ताण असायचा.

निवड करायची त्यांना चीड होती. हॉटेलात गेलो की "पयलं जे आसंल ते आण" म्हणायचे. चपला घ्यायला दुकानात गेले तर दुकानदार पहिला जो जोड काढेल तोच पायात घालून बाहेर पडायचे, मग तो चावला तरी महिनाभर चावून घ्यायचे. त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेले होते तेव्हा काकू सांगत होत्या, "आवं, बघाय आलं तवाबी ह्येंनी मान वर केली न्हाई. पयली ताटली मी आणली म्हणून मला पसंत केलं. माझी भण आली असती तर?" सुभेदार शेजारीच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "ती येणारच नव्हती." काकूंनी हसून भाजी वाढली, पण मला वाटलं, त्यांच्या हसण्यात थोडं दुखणंही होतं.

त्यांच्या या विश्वासाचा चटका मला फार लवकर बसला. औद्योगिक वसाहतीच्या गणपतीत दरवर्षी सोडत असायची. त्या वर्षी चिठ्ठ्यांऐवजी कॉम्प्युटरवर नावं काढायची ठरली आणि प्रोग्राम माझ्याकडे आला. मी हौसेने केला. आदल्या दिवशी ऑफिसात दोनदा चालवूनही पाहिला. सोडतीच्या संध्याकाळी मांडवात शे-दीडशे माणसं बसलेली. मी बटण दाबणार एवढ्यात सुभेदार उठले आणि त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात घडी घातलेला कागद दिला. पाच नावं निघाली. अध्यक्षांनी कागद उघडला. तीच पाच नावं, त्याच क्रमाने.

मांडवात गलका झाला. कुणी म्हणालं सेटिंग आहे, कुणी माझ्या वडिलांचं नाव विचारायला लागलं. सुभेदार माइकपाशी गेले आणि त्यांनी समजावून सांगितलं की पोरीनं लबाडी केलेली नाही. कॉम्प्युटरला डोळे मिटून चिठ्ठी उचलता येत नाही. तो एका सुरुवातीच्या आकड्यापासून गणित करत जातो, आणि ते गणित इतकं वाकडंतिकडं असतं की बघणाऱ्याला नशीब वाटतं. सुरुवातीचा आकडा दरवेळी बदलायचा असतो. तिने तो बदलला नाही, म्हणून काल ऑफिसात निघाली तीच नावं आज निघाली, आणि ती सुभेदारांनी कालच लिहून घेतली होती.

लोक शांत झाले. चिठ्ठ्या टाकून पुन्हा सोडत झाली. मी मात्र मांडवामागे जाऊन रडले. एकट्यात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी त्यांना रागाने विचारलं. ते म्हणाले, "एकट्यात सांगितलं असतं तर तू इसरली असतीस. आता जन्मात इसरणार न्हाईस."

ते खरंच होतं. तरीही मी त्यांना बरेच दिवस माफ केलं नाही.

वडूजच्या पुढे चार गावांची मिळून एक पाणी संस्था होती. खालच्या तलावातून पंपाने पाणी उचलायचं आणि मोठ्या पाइपने टेकडीवर न्यायचं, तिथून ते शेतात उतरायचं. त्या पंपहाऊसचं पॅनेल आम्ही केलं होतं. पंप थांबला की टेकडीच्या पाइपातलं सगळं पाणी उलटं खाली येतं. ते थांबायच्या आत पंप पुन्हा सुरू झाला तर खालून वर जाणारं पाणी आणि वरून येणारं पाणी पाइपात एकमेकांवर आदळतं, आणि पाइप फुटतो. म्हणून प्रोग्राममध्ये नियम होता की एकदा पंप थांबल्यावर दहा मिनिटं काहीही झालं तरी तो सुरू होता कामा नये.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी तिथली लाइट गेली आणि पाच-सहा सेकंदांत आली. लाइट येताक्षणी पंप सुरू झाला. टेकडीच्या पायथ्याला वळणावर पाइप फुटला. तिथे हौसाबाई नावाची बाई शेळ्या घेऊन उभी होती. पाण्याच्या लोटाने तिला उचलून दगडांवर टाकलं. साताऱ्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली.

पंपावर बिरू नावाचा ऑपरेटर होता, जवळच्याच वस्तीवरचा, पंचविशीतला. तो म्हणत होता की मी बटणाला हातही लावला नाही, मी बाहेर दात घासत होतो. पण कंट्रोलर प्रत्येक गोष्टीची वेळेसह नोंद ठेवतो, आणि नोंद स्पष्ट होती. लाइट आली, आणि लगेच पुढच्या ओळीत, पंप चालू करायचं बटण दाबलं. पोलिसांनी बिरूला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं आणि मग गाव सोडायचं नाही या अटीवर सोडलं. हौसाबाईच्या भावकीतल्या लोकांनी पंपहाऊसवर दगड टाकले. बिरूचं घर हौसाबाईच्याच वस्तीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

ती नोंद कॉम्प्युटरमधून काढून कागदावर मीच उतरवली होती. मालकांनी आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं की सरकारी निरीक्षकांकडे पुढच्या आठवड्यात चौकशी आहे, नोंदीप्रमाणे अहवाल लिहून सही करा. सुभेदार म्हणाले की मी स्वतः घडवून बघितल्याशिवाय सही करणार नाही.

मालक वैतागले. "तुम्हीच म्हणता ना, मशीन खोटं बोलत नाही?"

"मशीन खोटं बोलत न्हाई," सुभेदार म्हणाले, "पर आपण त्याला काय लिवाय सांगितलंय, ते एकदा बघू द्या."

आम्ही तसाच कंट्रोलर टेबलावर मांडला. पंपाच्या जागी बल्ब लावला. मी वीज बंद करायची, सहा सेकंदांनी चालू करायची. बल्ब लागायला नको होता आणि तो लागत नव्हता. आम्ही दोन दिवस हेच करत होतो. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले की बिरूनेच दाबलं असणार, पाण्यासाठी लोक मागे लागले असतील, चूक झाली असेल आणि आता तो घाबरलाय. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"हितली आधीची अवस्था आनि तिथली आधीची अवस्था येकच हाय, ह्ये तू कशावरनं म्हणतीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी काढून निघालो. औंधच्या पुढे मालकांचा फोन आला. तिकडे जाऊ नका, लोक चिडलेले आहेत, आणि आपल्या नोंदी आपल्या बाजूने आहेत. सुभेदारांनी ऐकून घेतलं, फोन बंद केला आणि खिशात ठेवला.

पंपहाऊसपाशी वीस-पंचवीस माणसं जमली होती. एक हवालदार होता. हौसाबाईचा नवरा, म्हाकू आबा, लांब एका दगडावर बसला होता. आत शिरताना मागून कुणीतरी म्हणालं की कंपनीवाले आले पुरावा पुसायला. सुभेदारांनी ऐकलं, मागे वळून हवालदाराला सांगितलं की तुम्ही आत येऊन माझ्या हाताशी उभे राहा, मी ज्याला ज्याला हात लावेन ते बघा.

मग त्यांनी बिरूला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, आत येईना. सुभेदारांनी त्याला त्या दिवसाची एकेक गोष्ट विचारली. पंप किती वाजता चालू केला, आधी कधी लाइट गेली होती का, पॅनेलात काही बदललं का. बिरू तुटक उत्तरं देत होता; दिवाळीनंतर पंप चालू असताना लाइट त्या दिवशीच पहिल्यांदा गेली होती. मग तो म्हणाला, "दिवाळीपास्नं एक झालंय. लाइट गेली की ह्यो बारका दिवाबी जातो. आदी न्हाई जायचा."

तो बारका दिवा म्हणजे कंट्रोलरचा. पॅनेलात एक छोटी बॅटरी असते, लाइट गेल्यावर कंट्रोलरला काही वेळ जागं ठेवण्यासाठी. ती मेली होती. ऑफिसातल्या टेबलावर आमची बॅटरी नवी होती.

सुभेदारांनी पंपाची वायर सोडवून तिथे बल्ब बांधला. बाकी कशालाही हात लावला नाही. बिरूला म्हणाले, "त्या दिशी हुतास तसा भायेर जाऊन उभा ऱ्हा." बिरू बाहेर जाऊन हौदापाशी उभा राहिला. दात घासायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याचा हात तोंडाकडे गेला आणि मग तो तसाच थांबला. सुभेदारांनी पंप चालू करायचं बटण दाबलं, बल्ब लागला. मला मेन स्विचपाशी उभं केलं. ते स्वतः आणि हवालदार पॅनेलपासून चार पावलं मागे सरले.

मी स्विच खाली ओढला. बल्ब गेला, बारका दिवाही गेला. मी मनात सहा आकडे मोजले आणि स्विच वर केला.

बल्ब लागला. बटणाजवळ कुणीही नव्हतं.

मी लॅपटॉप जोडून नोंद उघडली. पंप चालू करायचं बटण दाबलं, असं त्यात आत्ताच्या वेळेसह आलं होतं.

हवालदाराने पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच झालं. सुभेदारांनी तिसऱ्यांदा केलं, चौथ्यांदा केलं. दर खेपेला बल्ब लागला. बाहेरची माणसं दारात दाटीने उभी राहून बघत होती. मी मात्र लॅपटॉपवरून मान वर करू शकत नव्हते, कारण काय झालंय हे मला दिसलं होतं.

पंप चालू करायचा शेवटचा हुकूम लाइट गेल्यावरही लक्षात राहावा, म्हणजे नोंदी तपासताना उपयोग होईल, म्हणून सुभेदारांनी तो कायमच्या मेमरीत ठेवला होता. बॅटरी जिवंत असताना लाइट गेली की कंट्रोलर त्या हुकुमावर 'जुना' अशी खूण करून मगच झोपायचा. बॅटरी मेल्यावर ती खूण करायला वेळच मिळत नव्हता. जागं होताच त्याला जुना हुकूम दिसायचा आणि तो समजायचा की बटण आत्ताच दाबलंय. तरीही दहा मिनिटांचा नियम आडवा यायला हवा होता. तो आला नाही, कारण ती दहा मिनिटं साध्या मेमरीत मोजली जात होती. लाइट गेली की ती शून्य व्हायची, आणि शून्य म्हणजे थांबायची वेळ संपली. दहा मिनिटांची ती ओळ नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी लिहिली होती. सुभेदारांनी तपासून त्यावर सही केली होती.

बिरूला आत बोलावून हवालदाराने सांगितलं तेव्हा तो खालीच बसला. रडला वगैरे नाही. नुसता बल्बकडे बघत राहिला.

परतताना एका वळणावर सुभेदारांनी गाडी कडेला घेतली, मला लॅपटॉप उघडायला लावला आणि त्या दोन ओळी मोठ्याने वाचायला सांगितल्या. मी वाचल्या.

"चौकशीत मी माझी सांगणार," ते म्हणाले. "तुझी मी सांगणार न्हाई. झाकणारबी न्हाई."

मला त्यांचा संताप आला. मी म्हणाले, तुमच्या हिशेबाने मी काय करणार हे ठरलेलंच आहे, मग मला सांगता कशाला? तुमची सही होती, माझी ओळ होती, बॅटरी मरायची होती, लाइट जायची होती, बाईला तिथेच उभं राहायचं होतं. यात कुणीच काही केलं नाही, असंच ना?

गाडी सुरू करायला त्यांना दोनदा किल्ली फिरवावी लागली.

चौकशी तालुक्याच्या ठिकाणी एका लांबट खोलीत झाली. निरीक्षक मध्ये, एका बाजूला आमचे मालक, दुसऱ्या बाजूला संस्थेचे अध्यक्ष. बिरू भिंतीपाशी उभा, म्हाकू आबा दाराजवळच्या बाकावर. सकाळी मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की विचारलं तेवढंच बोल, तुझं आयुष्य पुढे आहे. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सुभेदारांनी सगळं सविस्तर मांडलं. हवालदाराने तसंच घडल्याची साक्ष दिली. बिरूवरचा आरोप तिथेच गळून पडला. निरीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले की म्हणजे बॅटरी संपलेली, लाइट नेमकी तेवढ्याच वेळापुरती गेलेली, प्रोग्राममधल्या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर हा दुर्दैवी योगायोग म्हणायचा. मालकांनी मान हलवली. मलाही वाटलं, सुटलो.

"योगायोग न्हाई, साहेब," सुभेदार म्हणाले. "बॅटरी कवातरी मरणारच हुती. मेल्यावर काय व्हईल त्ये आमी लिवायला पायजे हुतं. त्यातली पयली ओळ माझ्या हातची हाय."

निरीक्षकांनी विचारलं, "आणि दुसरी?"

सुभेदार बोलले नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. हात मांडीवर ठेवून समोरच्या टेबलाकडे बघत राहिले. निरीक्षकांनी पुन्हा विचारलं. पुढची प्रत्येक गोष्ट आधीच ठरलेली असते असं सांगणारा तो माणूस थांबला होता, आणि ज्याला पुढचं माहीत आहे असा माणूस तसा थांबत नाही. त्यांच्या मांडीवरची बोटं हलत होती. मी कुठल्या बाजूला जाईन हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"माझी," मी म्हणाले.

पुढे जे व्हायचं ते झालं. कंपनीला ते काम सोडावं लागलं आणि आम्हा दोघांना कंपनी. निष्काळजीपणाचा खटला आमच्यावर दाखल झाला, तो अजून चालू आहे. बिरू वर्षभराने पुन्हा पंपावर रुजू झाला. मी सांगलीला परत आले आणि एका तंत्रनिकेतनात शिकवते. सुभेदार गावी ऊस बघतात. तारखेला आम्ही दोघं वडूजला भेटतो, कोर्टाच्या आवारात सिमेंटच्या बाकावर बसतो आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत जातो.

म्हाकू आबाही प्रत्येक तारखेला यायचा. लांब उभा राहायचा. आमच्याशी कधी बोलला नव्हता, आणि आमचीही हिंमत झाली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात एका तारखेला बाकावर दुसरीकडे कुठे जागा नव्हती म्हणून तो सुभेदारांच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ काठी दोन्ही हातांत फिरवत राहिला. मग समोर बघतच म्हणाला की त्या दिवशी शेळ्या घेऊन तो जाणार होता. गुडघा धरला होता. हौसाबाई म्हणाली, तुम्ही बसा, मी जाते.

"मी गेलो असतो तर?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं हे कळलं नाही.

सुभेदारांचं या प्रश्नाला असलेलं उत्तर मी शंभर वेळा ऐकलं होतं. तुम्ही जाणारच नव्हता, असं ते आता म्हणतील, आणि या माणसाला ते कसं लागेल याची मला भीती वाटली.

ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, एक गोष्ट सांगायला लागले. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली होती, पण ती कधी ऐकली नव्हती. वरती बर्फातल्या एका चौकीवर असताना टेलिफोनची लाइन तुटली होती. ती जोडायला जायची पाळी त्यांची होती. त्यांना ताप होता. त्यांच्याच तालुक्यातला दिनकर नावाचा जवान म्हणाला, तू पड, मी जाऊन येतो. बर्फाचा कडा कोसळला, आणि दिनकर सापडला तो अकरा दिवसांनी.

"तीस वर्सं मी सोताला सांगत आलो, की माझा तापबी ठरल्याला, त्येचं जाणंबी ठरल्यालं," सुभेदार म्हणाले. "तसं म्हणलं की झोप लागायची."

"आनि आता?" म्हाकू आबाने विचारलं.

"आता न्हाई लागत."

म्हाकू आबाने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग त्याने विचारलं, "कुठल्या गावचा म्हणायचा त्यो?"

सुभेदारांनी गाव सांगितलं. मग बापाचं नाव सांगितलं. मग दिनकर कसा चालायचा, जेवताना मिरची कशी दाताने तोडायचा, पत्र आलं की आधी दुसऱ्याला वाचायला लावून मग स्वतः कसं वाचायचा, असं एकेक निघत गेलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. म्हाकू आबा मान हलवत ऐकत होता. मध्येच त्याने सांगितलं की हौसाबाई शेळ्यांना नावं द्यायची आणि ती नावं अजून त्याच्या तोंडात बसलेली नाहीत.

कोर्टाच्या शिपायाने आमची नावं पुकारली. मी उठले. सुभेदारांना ऐकू गेलं नसावं, ते दिनकरच्या आईबद्दल सांगत होते, तिच्याकडे जायला आपल्याला कधी जमलं नाही म्हणून. दुसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा म्हाकू आबाने काठी बाकाला टेकवून ठेवली आणि दंडाला धरून त्यांना उभं केलं.